शिकागोचा उन्हाळा कुणाच्या मालकीचा?



शिकागो हे नाव आमच्या कानावर दोनदा पडले. पहिल्यांदा शाळेत. दरवर्षी जानेवारीत कुणीतरी पाहुणे यायचे आणि १८९३ च्या सर्वधर्म परिषदेतल्या भाषणाची गोष्ट सांगायचे. आम्ही टाळ्या वाजवायचो आणि खाऊ घेऊन घरी जायचो. दुसऱ्यांदा एम.ए.ला, नागरी समाजशास्त्राच्या पेपरात. बर्जेस यांचा समकेंद्री वर्तुळांचा सिद्धांत, पाच वर्तुळे, परीक्षेत आकृती काढली की गुण नक्की. बर्जेस यांनी हा नकाशा शिकागोवरूनच काढला होता. पुढे मूळ आकृती पाहिली तेव्हा कळले, की वर्तुळांना आडवा छेद देत जाणारा एक चिंचोळा पट्टाही त्यात आहे. त्याचे नाव 'ब्लॅक बेल्ट'. आमच्या नोट्समध्ये वर्तुळे आली होती, पट्टा मात्र गळला होता. गळला की गाळला, हे तुम्हीच ठरवा.

हा लेख त्या पट्ट्याबद्दल आहे आणि त्या शहरातल्या सणांबद्दल आहे. शिकागोचा हिवाळा जीवघेणा असतो. नदी गोठते आणि महिनोन् महिने माणसे घरात कोंडलेली असतात. त्यामुळे जून ते ऑगस्ट हे तीन महिने, म्हणजे आपल्याकडे पावसाने रस्ते वाहत असतात तेव्हा, ते शहर अक्षरशः रस्त्यावर राहते. संगीत महोत्सव, खाद्यजत्रा, मिरवणुका, सरोवराच्या काठावर विमानांच्या कसरती, प्रत्येक मोहल्ल्याची स्वतःची जत्रा. पर्यटनाच्या पुस्तिकांत याची लांबलचक यादी असते. पण उन्हाळ्यात सगळे बाहेर पडतात म्हणजे बाहेरची जागा कुणाची, हा प्रश्नही उन्हाळ्यातच उभा राहतो. शिकागोच्या वंशसंघर्षाच्या तारखा पाहा. जुलै १९१९, ऑगस्ट १९६०, जून १९६६, ऑगस्ट १९६६. सगळ्या उन्हाळ्यातल्या. सण आणि दगड तिथे एकाच ऋतूत येतात.

आधी १८९३ च्या त्या जत्रेबद्दल, कारण आपल्याला तिची अर्धीच गोष्ट सांगितलेली आहे.

कोलंबस अमेरिकेत पोहोचल्याला चारशे वर्षे झाली म्हणून शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले. सरोवराच्या काठी पांढऱ्याशुभ्र इमारतींचे तात्पुरते नगर उभारले गेले आणि लोक त्याला 'व्हाइट सिटी' म्हणू लागले. नाव इमारतींच्या रंगावरून पडले होते, पण कारभारालाही ते शोभत होते. प्रदर्शनाच्या नियोजनातून कृष्णवर्णीयांना जवळजवळ पूर्ण वगळले होते. गुलामगिरीतून सुटून जेमतेम तीस वर्षे झालेल्या समाजाने या काळात काय कमावले, हे दाखवायला त्यांना स्वतंत्र दालन मिळाले नाही. मात्र एका पिठाच्या कंपनीच्या मांडवात नॅन्सी ग्रीन ही गुलामगिरीत जन्मलेली बाई 'आंट जेमायमा' बनून धिरडी भाजत होती आणि तिच्याभोवती गोऱ्यांची झुंबड उडत होती. जत्रेला कष्टकरी चालतो, तो चुलीपाशी हसतमुख उभा असला तर.

या वेळी इडा बी. वेल्स या तिशीतल्या पत्रकार बाईने एक पुस्तिका काढली. कृष्णवर्णीय अमेरिकन माणूस या प्रदर्शनात का नाही, हाच तिचा विषय आणि हेच जवळजवळ तिचे शीर्षक. फ्रेडरिक डग्लस, फर्डिनंड बार्नेट आणि गार्लंड पेन यांचेही लेखन तीत होते. दहा हजार प्रती वाटल्या गेल्या. वाटपाची जागा कोणती? हैती देशाचे दालन. अमेरिकेने आपल्याच नागरिकांना जागा नाकारली होती. गुलामांच्या बंडातून जन्मलेल्या हैतीने ती दिली. डग्लस हैतीचे प्रतिनिधी म्हणून त्या दालनात बसत.

मग आयोजकांनी २५ ऑगस्टला 'कृष्णवर्णीयांचा दिवस' जाहीर केला. इथे दोघांचे मतभेद झाले. वेल्स म्हणाल्या, वर्षभर दाराबाहेर ठेवून एक दिवस आत बोलावणे हा अपमान आहे, बहिष्कार टाका. डग्लस म्हणाले, व्यासपीठ मिळते आहे तर तिथे उभे राहून खरे बोलावे. ते गेले. समोरून हुल्लडबाजी सुरू झाली तेव्हा पंचाहत्तरीच्या त्या म्हाताऱ्याने हातातले कागद बाजूला टाकले आणि तोंडी भाषण असे केले, की वृत्तपत्रांना ते छापावे लागले. वेल्स यांनी ते वाचले, प्रदर्शनात जाऊन डग्लस यांना भेटल्या आणि आपली चूक झाली म्हणून माफी मागितली. हे त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिले आहे. आमच्या मते चूक कुणाचीच नव्हती. पुस्तिका नसती तर भाषण एकाकी पडले असते. पण मतभेदानंतर इतक्या सरळपणे दुसऱ्याचे श्रेय मान्य करणारी पुढारी माणसे किती, हा प्रश्न आमच्या चळवळीतल्या मित्रांनी एकदा स्वतःला विचारून पाहावा. आम्हीही विचारतो आहोत.

त्याच सप्टेंबरात, त्याच प्रदर्शनाला जोडून, सर्वधर्म परिषद भरली. तिथे श्रीलंकेचे अनागारिक धर्मपाल आले होते. दोन वर्षांपूर्वी, १८९१ मध्ये, त्यांनी महाबोधी सोसायटी स्थापली होती आणि बुद्धगयेचे महाविहार बौद्धांच्या हाती यावे म्हणून लढा सुरू केला होता. परिषदेनंतर शिकागोतच चार्ल्स स्ट्रॉस या गृहस्थाने त्यांच्याकडून त्रिशरण घेतले. अमेरिकेच्या भूमीवर जाहीरपणे बौद्ध झालेल्या पहिल्या लोकांत त्याचे नाव घेतात. जानेवारीत आमच्या शाळेत येणाऱ्या पाहुण्यांनी धर्मपालांचे नाव एकदाही घेतले नाही. महाविहार मुक्तीसाठी आजही धरणे धरावे लागते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असे आम्हाला वाटते.

प्रदर्शनात गाणाऱ्या एका चौकडीत रॉबर्ट ॲबट नावाचा तरुण होता. दक्षिणेतल्या जॉर्जियाचा, हॅम्प्टन संस्थेत छपाई शिकणारा. त्याने तिथे डग्लस आणि वेल्स यांना ऐकले. पुढे तो शिकागोत स्थायिक झाला, कायद्याची पदवी घेतली, पण तुझा रंग इतका काळा आहे की कोर्टात तुझे चालणार नाही असे त्याला सांगण्यात आले. मग तो छपाईकडे वळला. ५ मे १९०५ रोजी त्याने 'शिकागो डिफेंडर' काढले. पहिल्या अंकाच्या प्रती ३००, खिशात भांडवल २५ सेंट, कचेरी म्हणजे घरमालकिणीच्या स्वयंपाकघरातले टेबल.

'मूकनायक' वाचून वाढलेल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटत नाही. पण डिफेंडरने जे केले त्याचा आवाका पाहण्यासारखा आहे. रेल्वेच्या पुलमन डब्यांत सेवक म्हणून काम करणारे कृष्णवर्णीय कामगार अंकांचे गठ्ठे दक्षिणेत पोहोचवत. काही गावांत हे वृत्तपत्र जवळ सापडणेही धोक्याचे होते. न्हाव्याच्या दुकानात आणि चर्चमध्ये एक जण वाचायचा, बाकीचे ऐकायचे. उत्तरेत काम आहे, या, असे ते सांगत होते. १९१० मध्ये शिकागोत कृष्णवर्णीयांची संख्या ४४ हजार होती, १९२० मध्ये ती १ लाख ९ हजार झाली आणि १९३० मध्ये २ लाख ३३ हजार. ही माणसे राहणार कुठे? त्याच चिंचोळ्या पट्ट्यात. पट्ट्याबाहेर कुणी घर घेतले, की त्या घरावर बॉम्ब पडायचा. जुलै १९१७ ते मार्च १९२१ या काळात असे ५८ बॉम्ब फेकले गेले. बँकर जेसी बिंगा यांचे साउथ पार्क ॲव्हेन्यूवरचे, वॉशिंग्टन पार्कसमोरचे घर तर वारंवार लक्ष्य झाले. हा रस्ता लक्षात ठेवा, लेखात तो पुन्हा येणार आहे.

आता २७ जुलै १९१९.

रविवार होता आणि अंगाची लाही लाही करणारा उकाडा होता. मिशिगन सरोवराच्या काठावर पंचविसाव्या रस्त्याजवळचा किनारा कृष्णवर्णीयांचा आणि एकोणतिसाव्या रस्त्याजवळचा गोऱ्यांचा, अशी वहिवाट होती. कायद्यात असे काही लिहिलेले नव्हते. पाण्यात दोरी बांधलेली नव्हती, पाटी नव्हती. रेघ फक्त डोक्यात होती. युजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा मुलगा आणि त्याचे मित्र स्वतः बनवलेला तराफा घेऊन पाण्यात उतरले होते. तराफा वाहत वाहत त्या अदृश्य रेघेकडे गेला. किनाऱ्यावरून एका गोऱ्या माणसाने दगड मारायला सुरुवात केली. युजीन बुडून मेला. दगड मारणारा कोण हे मुलांनी पोलिसाला दाखवले. त्या गोऱ्या पोलिसाने त्याला अटक करायला नकार दिला.

तिथून दंगल पेटली आणि आठवडाभर चालली. ३८ माणसे मेली. २३ कृष्णवर्णीय, १५ गोरे. ५३७ जखमी झाले. सुमारे हजार कृष्णवर्णीय माणसे बेघर झाली.

तळ्याचे पाणी, न लिहिलेली रेघ, दगड आणि हात बांधून उभा असलेला शासनाचा माणूस. महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, म्हणजे या घटनेनंतर पावणेआठ वर्षांनी. तिथेही कायदा आपल्या बाजूने होता, नगरपालिकेचा ठराव झालेला होता आणि वहिवाट आडवी आली होती. तरीही दोन्ही घटना एकाच मापात बसवायची घाई आम्ही करणार नाही. युजीनला कुणी पाणी बाटवले असे म्हणत नव्हते. गोऱ्यांची अडचण शेजाराची, घराची, नोकरीची आणि बाईची होती. विटाळ हा धर्माने पक्का केलेला विचार तिथे तसा नव्हता. शिकागो विद्यापीठातूनच पीएच.डी. झालेले ऑलिव्हर कॉक्स हे कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ वंश म्हणजे जात नव्हे, असे पुढे ठणकावून सांगत राहिले. जातीच्या धार्मिक बाजूबद्दलची त्यांची समज आम्हाला पटत नाही, पण सरसकट तुलनेबद्दलचा त्यांचा इशारा घेण्यासारखा आहे. साम्य दिसते ते रेघेच्या कामात. रेघ कुणी आखली हे कुणालाच सांगता येत नाही, पण ओलांडली की सगळ्यांना कळते.

दंगलीनंतर चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा १९२२ चा अहवाल लिहिण्यात चार्ल्स जॉन्सन या तरुण कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. तो रॉबर्ट पार्क यांचा विद्यार्थी. पार्क आणि बर्जेस आम्हाला अभ्यासक्रमात होते. जॉन्सन नव्हता.

त्या अहवालात 'ॲथलेटिक क्लब' नावाच्या टोळ्यांवर ठपका आहे. गोऱ्या, बहुतांशी आयरिश वस्त्यांतल्या पोरांची ही मंडळे. आयरिश लोक स्वतः अमेरिकेत भुकेकंगाल होऊन आलेले. त्यांना नोकरी नाकारणाऱ्या पाट्या लागत, त्यांच्या कॅथलिक धर्माची टिंगल होई. तेच लोक आपल्याखालच्या पायरीवर कुणीतरी आले म्हणताच दगड घेऊन उभे राहिले. श्रेणीबद्ध विषमता समजायला आपल्याला वेगळा ग्रंथ लागत नाही. अशाच एका मंडळाचा, हॅम्बर्ग क्लबचा, सभासद रिचर्ड डेली हा मुलगाही तेव्हा १७ वर्षांचा होता. युजीनच्याच वयाचा. दंगलीच्या त्या आठवड्यात आपण काय केले, हे त्याने पुढे कधीही सांगितले नाही. १९५५ मध्ये तो शिकागोचा महापौर झाला आणि १९७६ मध्ये मरेपर्यंत महापौरच राहिला.

त्याच्याच कारकिर्दीत, १९६२ मध्ये, शिकागो नदी हिरवी करण्याचा प्रकार सुरू झाला. मार्चमधल्या सेंट पॅट्रिक दिनाच्या उत्सवात प्लंबरांच्या संघटनेने नदीत रंग सोडला. सांडपाणी चोरून नदीत कोण सोडतो हे शोधायला प्लंबर जो रंग वापरत, तोच हा रंग. पहिल्या वर्षी सुमारे ४५ किलो टाकला आणि नदी आठवडाभर हिरवी राहिली. आज तो शहराचा सर्वांत प्रसिद्ध सण आहे, जगभरातले लोक फोटो काढायला येतात. त्या आनंदाबद्दल आमची तक्रार नाही. फक्त एवढेच की एका समाजाला अख्खी नदी आपल्या रंगात रंगवता आली आणि दुसऱ्या समाजाच्या पोराला त्याच शहरात शंभर हात पाणी मिळाले नाही.

आता त्या रस्त्याकडे परत.

डिफेंडरमध्ये १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुलांचे पान सुरू झाले. संपादकाचे नाव 'बड बिलिकन'. बिलिकन ही तेव्हा घरोघरी दिसणारी शुभशकुनाची गुबगुबीत बाहुली होती. तिच्यावरून हे काल्पनिक नाव बेतले. पानाचा पहिला संपादक रॉबर्ट वॉटकिन्स हा दहा वर्षांचा मुलगा होता. पानाबरोबर मुलांचा क्लब निघाला. गावोगावची मुले सभासद होत, ओळखपत्र आणि बिल्ला मिळे, पत्रे छापून येत. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतावरच्या मुलीला शिकागोतल्या वृत्तपत्रात आपले नाव दिसायचे. हे काय असते, ते ज्याचे नाव कधी कुठे छापून आले नाही त्यालाच कळेल.

११ ऑगस्ट १९२९ रोजी या क्लबच्या मुलांची पहिली मिरवणूक निघाली. कल्पना डेव्हिड केलम यांची. ॲबट आपल्या रोल्स रॉइसमधून मिरवणुकीत सामील झाले. पेपर टाकणारी पोरे, जी रोज पहाटे उठून राबत, त्यादिवशी नायक होती. मिरवणुकीचा परंपरागत मार्ग साउथ पार्कवेवरून वॉशिंग्टन पार्कपर्यंत. म्हणजे तोच साउथ पार्क ॲव्हेन्यू, ज्यावर बिंगांच्या दारात बॉम्ब पडत होते आणि तेच उद्यान, जिथे दहा वर्षांपूर्वी एकट्या कृष्णवर्णीय माणसाला गोऱ्या टोळ्या गाठून मारत. तिथून मुलांचे बँड वाजत गेले आणि शेवटी उद्यानात पंगत बसली. १९६८ मध्ये या रस्त्याला डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव दिले गेले.

दरवर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी ही मिरवणूक आजही निघते. अमेरिकेतली कृष्णवर्णीयांची सर्वांत मोठी मिरवणूक म्हणून ती ओळखली जाते. लोक आदल्या रात्रीच हिरवळीवर तंबू ठोकून जागा धरतात, कोळशावर मांस भाजण्याचा वास सगळ्या भागात भरतो. शाळांचे ढोलपथक, साउथ शोअर ड्रिल टीमची कवायत, जेसी व्हाइट यांच्या पथकातल्या पोरांच्या कोलांट्या. जो लुईस, ड्यूक एलिंग्टन, मुहम्मद अली असे किती तरी लोक इथे येऊन गेले. १९५६ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमनही आले, महापौर डेली यांच्यासोबत. होय, तेच डेली. ओबामा सिनेटर असताना आले होते. ऑगस्ट संपता संपता तिथे शाळा उघडतात, म्हणून मुलांना दप्तरे, वह्या, पेन्सिली वाटल्या जातात. मिरवणुकीचा केंद्रबिंदू शाळेत जाणारे मूल आहे. पुढारी येतात आणि हात हलवून जातात. रस्ता मुलांचा असतो.

हे सगळे गुलाबी रंगवायचे नाही. १९३१ च्या सहलीला डिफेंडरने 'ॲमॉस अँड अँडी' या रेडिओ कार्यक्रमातल्या दोन नटांना पाहुणे म्हणून बोलावले. हे दोघे गोरे होते आणि कृष्णवर्णीयांची नक्कल करून देशाला हसवत होते. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या 'कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्याच वृत्तपत्राने त्या कार्यक्रमाविरुद्ध सह्यांची मोहीम चालवली होती. एकाने निषेधाच्या सह्या गोळा केल्या, दुसऱ्याने मुलांपुढे मंचावर बसवले. गर्दी खेचणारा पाहुणा हवा, हा मोह आयोजकांना तेव्हाही होता. पुढे मोठ्या कंपन्यांचे प्रायोजक आले, त्यांचे रथ आले. आपल्या जयंतीच्या कमानीवर कुणाकुणाचे चेहरे असतात ते आठवा आणि मग शिकागोला हसा.

आणि मिरवणुकीने रेघ पुसली, असेही झाले नाही. १९६० च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे पहिल्या मिरवणुकीनंतर एकतीस वर्षांनी, सरोवरावरचा रेनबो बीच अजून गोऱ्यांचाच समजला जात होता. वेल्मा मर्फी ही एकवीस वर्षांची कार्यकर्ती तीसेक तरुणांना घेऊन तिथे गेली. त्यात गोरे साथीही होते. त्यांनी चादरी अंथरल्या, पत्ते खेळले, पाण्यात पाय बुडवले. जमाव जमला, दगड आले, वेल्माच्या डोक्यात दगड बसला आणि टाके पडले. पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा गेले, आणखी लोक घेऊन. या कृतीला तिकडे 'वेड-इन' म्हणतात, पाण्यात उतरण्याचा सत्याग्रह. आम्ही हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो होतो.

१९६६ च्या जूनमध्ये पोर्टोरिकन लोकांनी शहराच्या मध्यभागातून पहिली मिरवणूक काढली. तोच उत्सव संपत असताना पोलिसाच्या गोळीवरून त्यांच्या वस्तीत उद्रेक झाला. ऑगस्टमध्ये घरांच्या प्रश्नावर मोर्चा घेऊन डॉ. किंग मार्केट पार्कात गेले आणि त्यांच्या डोक्यात दगड बसला. दक्षिणेतही इतका द्वेष आपण पाहिला नाही, असे ते नंतर म्हणाले. उत्तरेत जात... क्षमा करा, वंशभेद नाही, असे सांगणाऱ्यांना ते उत्तर होते. मुंबई-पुण्यात आता जात कुठे राहिली, असे विचारणारे आपल्यालाही रोज भेटतात.

१९६९ मध्ये याच शहरात ब्लॅक पँथर पक्षाचा एकवीस वर्षांचा नेता फ्रेड हॅम्प्टन मुलांना शाळेआधी मोफत नाश्ता देत होता आणि पोर्टोरिकन 'यंग लॉर्ड्स' व गरीब गोऱ्यांच्या 'यंग पेट्रियट्स' यांची एक मोट बांधत होता. ४ डिसेंबरच्या पहाटे पोलिसांनी त्याला त्याच्या बिछान्यात गोळ्या घातल्या. अडीच वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत त्याच पक्षाच्या नावावरून 'दलित पँथर' उभी राहिली. आणि तिने पहिल्याच वर्षी काय निवडले? १५ ऑगस्टचा सण. स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव चालू असताना 'काळा स्वातंत्र्यदिन' पाळला. इडा वेल्स यांना ते लगेच समजले असते.

त्याही आधीचा धागा बाबासाहेबांचा आहे. १९४६ मध्ये त्यांनी विचारवंत डब्ल्यू.ई.बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. आपण निग्रोंच्या प्रश्नाचा अभ्यास करत आलो आहोत, दोन्ही समाजांच्या स्थितीत साम्य आहे, असे सांगून त्यांनी कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. ड्यू बॉइस यांनी जुलै संपताना उत्तर पाठवले. बाबासाहेबांनी तिकडून मागवला तो कागद, दस्तऐवज. आम्हाला हे फार सूचक वाटते.

१९८३ मध्ये हॅरॉल्ड वॉशिंग्टन शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. पुढच्याच वर्षी शहराने ब्लूज महोत्सव सुरू केला, मोफत, शहराच्या मध्यभागी. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून आलेले, मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात फुटपाथवर वाढलेले संगीत अखेर ग्रँट पार्कात आले. पण दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, विद्यापीठाच्या विस्तारासाठी मॅक्सवेल स्ट्रीटचा तो जुना बाजारच हलवला गेला. गाणे जपले आणि गाणाऱ्याची जागा घेतली. आपल्याकडे लोककला महोत्सवात शाहिराला शाल मिळते आणि त्याची वस्ती अतिक्रमण ठरते, तसेच. त्याच ग्रँट पार्कात २००५ पासून दर उन्हाळ्यात लोलापालूझा हा संगीताचा मोठा जलसा भरतो. चार बाजूंनी कुंपण, तिकीट शेकडो डॉलरचे. आता रेघ रंगाची नाही, पैशाची आहे, असे म्हणतात. शिकागोत या दोन रेघा किती ठिकाणी एकमेकींवरून जातात, हे नकाशा घेऊन कुणीही पाहावे.

२००९ मध्ये, युजीन गेल्यानंतर नव्वद वर्षांनी, एकोणतिसाव्या रस्त्याजवळ सरोवरकाठी त्याच्या नावाचा दगड बसवला गेला. रेनबो बीचवरही २०११ मध्ये फलक लागला. शहराचा पहिला स्थायी रहिवासी ज्याँ बाप्तिस्त पॉइंट द्यू साब्ल हा कृष्णवर्णीय होता. सरोवराकाठच्या प्रसिद्ध रस्त्याला त्याचे नाव जोडायला २०२१ साल उजाडले.

एक शेवटची नोंद, जी आम्हाला सगळ्यांत जास्त टोचते. १० जुलै २०१९ रोजी 'शिकागो डिफेंडर'चा शेवटचा छापील अंक निघाला. त्यानंतर ते फक्त इंटरनेटवर राहिले. महिनाभराने, ऑगस्टमध्ये, मिरवणूक नव्वदाव्यांदा निघाली आणि गर्दी नेहमीसारखीच होती. ज्या वृत्तपत्राच्या मुलांच्या पानातून ती मिरवणूक जन्मली, ते छापणे बंद झाले तरी तिचे काही अडले नाही. याचा आनंद मानायचा की दुःख, यावर आमचे स्वतःशीच एकमत होत नाही.

'जयंती नाचून नको, वाचून साजरी करा' असे आपल्यातले शिकलेले मित्र दरवर्षी सांगतात. आम्ही त्यांच्याशी भांडतो. ज्या रस्त्यावरून आपल्या आजोबांना चप्पल हातात घेऊन जावे लागले, त्या रस्त्यावर त्यांची नात निळा फेटा बांधून नाचली, तर तीही एक सही आहे. पण डीजेवाल्या मित्रांशीही आम्ही भांडतो, कारण बड बिलिकनची मिरवणूक नाचातून निघालेली नव्हती. ती वर्षभर चालणाऱ्या एका पानातून निघाली होती.

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या जयंती मंडळाच्या बैठकीत आम्ही हे सगळे, इतक्या विस्ताराने नव्हे, सांगितले. वर्गणीतून मुलांचे एक भित्तिपत्रक काढा, विहाराच्या भिंतीवर दर पंधरा दिवसांनी लावा, संपादक सातवी-आठवीतली मुलेच असू द्या, अशी मागणी केली. कुणी विरोध केला नाही. खजिनदारांनी वहीत ओळ लिहिली, रकमेची जागा कोरी ठेवली आणि विचारले, "ताई, एप्रिलनंतर हे कोण चालवणार?" मागच्या रांगेतल्या दोन मुली एकमेकींकडे पाहून हसल्या, पण बोलल्या काही नाहीत. पुढची बैठक येत्या रविवारी आहे, संध्याकाळी सात वाजता, विहारात.